फ्रीजरमधला वाटा

प्रिय रिमुय,

हे पत्र कोबीच्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. यीलानच्या बाजारात माल उतरवला की तो तुझ्या खोलीवर आणून देईल. तसं त्याच्याकडून वदवून घेतलंय आणि वर पातीच्या कांद्याच्या जुड्याही दिल्यात. फोन का नाही केलास, असं म्हणशील. एक तर तुझा फोन कंपनीचा. दुसरं, मी फोनवर ओरडून बोलते आणि पलीकडच्या घरातली युंगाय हातातलं काम टाकून भिंतीला कान लावते. आणि तिसरं म्हणजे तू फोन उचलतेस कुठे? दर वेळी तुझं आपलं ठरलेलं, 'आई, मीटिंगमध्ये आहे.' अगं, एवढ्या मीटिंगा घेऊन तुम्ही लोक बोलता तरी काय? आम्ही इथे एकच सभा घ्यायची म्हटली तर गावाची झोप उडालीय.

बाकी ठीक आहे. कोबीचे गड्डे यंदा घट्ट भरलेत. गुडघा दुखायचा तो दुखतोच आहे. नदीपात्रातली माझी टपरी तुला ठाऊकच आहे. सुट्टीला तैपेईहून लोक येतात, अंडी आणि कणसं जाळीत घालून गरम झऱ्याच्या उकळत्या कुंडात सोडतात, आणि अंडं शिजलं का, अंडं शिजलं का, असं विचारून माझं डोकं शिजवतात. हे सगळं लिहितेय खरी, पण मन थाऱ्यावर नाही. उगाच इकडचं तिकडचं लिहून काय उपयोग? रिमुय, मला भीती वाटतेय. मागच्या वादळात अर्धा डोंगर रस्त्यावर आला तेव्हा मी चहा करून प्यायले होते, तुला माहीत आहे. शाळेच्या वाटेवर रानडुक्कर आडवं आलं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या. तीच मी आता दाराची कडी वाजली तरी दचकते. युंगाय म्हणते, 'यायुत, तुझं तोंड बंद झालंय म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट होणार.' तिला काय सांगू, माझंच मला कळत नाहीये.

काय होणार आहे ते तुला माहीतच आहे. रविवारी प्रार्थनेनंतर शाळेच्या मैदानात गावसभा. घरटी एक हात, आणि तुझे बाबा गेल्यापासून आपल्या घराचा हात माझा. तुझ्या कंपनीला वरच्या उतारावर वाफेच्या विहिरी खणू द्यायच्या की नाही, हे आमच्या हातांवर ठरणार. मोजायला सरकारी माणूस येणार आहे. आणि कंपनीने घरोघरी वाटलेल्या डुकराचा माझा वाटा अजून फ्रीजरमध्ये पडून आहे. मी तो खाल्लेला नाही आणि परतही केलेला नाही. खाल्ला तर यायुतचा हात वर जाणार, परत केला तर आईच पोरीच्या विरोधात उभी राहिली, असं गावाने ठरवून टाकलंय. रोज कोणी ना कोणी मीठ मागायला, सुरी मागायला म्हणून येतं आणि फ्रीजरकडे बघत राहतं. परवा तर चर्चच्या पाळकसाहेबांची बायको बर्फ मागायला आली होती. या थंडीत बर्फ!

त्या डुकराच्या दिवशी तू इथे नव्हतीस, म्हणून सांगते काय झालं ते. सकाळी कंपनीची गाडी आली. मागे पिशव्यांचा ढीग, प्रत्येक पिशवीवर तो तुमचा वाफेचा ढग, गोल डोळ्यांचा, हसणारा. आत कच्चं मांस, रीतसर कापलेलं, कलेजी थोडी, चरबी थोडी, हाडाचा तुकडा, सगळ्यांना सारखं. वाटणारी पोरं खालच्या शहरातली, हेल्मेट घातलेली. मांस वाटायला हेल्मेट कशाला, असं मी विचारलं तर म्हणे नियम आहे. मग काय, गावात एकच हशा. आपल्या आतायल लोकांत सगळ्या गावाला डुक्कर कोण वाटतं? ज्याच्या घरी लग्न ठरलं तो, नाहीतर ज्याच्या हातून काही वाईट घडलं तो. युंगाय चौकात ओरडली, 'ज्येन साहेब कुणाला मागणी घालतोय ते तरी सांगा! यायुत, तुला तर नाही ना? वय बघ तुझं!' मीही कमी नाही. म्हटलं, मला घालत असेल तर वाटा दुप्पट यायला हवा होता. तुझा तो साहेब, गोरा गोमटा, घामाघूम, काही न कळता सगळ्यांबरोबर हसत होता. बिचारा.

मग मासिंग आजोबा काठी टेकत आले. त्यांनी पिशवी उघडून बघितली, पुन्हा बंद केली. म्हणाले, 'लग्न नाही ना कुणाचं? मग गुन्हा काय केलाय ते सांगा.' ज्येन साहेब म्हणाला, 'आजोबा, गुन्हा कसला? आमची आपली प्रेमाची भेट.' आजोबा म्हणाले, 'आमच्यात आधी तोंडाने चूक सांगतात, सगळ्यांसमोर, ज्याने केली त्याने. मग डुक्कर कापतात. मग वाटा दारात येतो. आणि ज्याने तो खाल्ला त्याने ती गोष्ट पोटात घातली, पुन्हा कधी उकरून काढायची नाही. तुम्ही वाटा आधी आणलात. मला काय पोटात घालायला सांगताय ते कळल्याशिवाय मी खाणार नाही.' आणि काठी टेकत गेले, ती पिशवी तुमच्या पत्र्याच्या ऑफिसच्या फाटकाला अडकवून आले. त्यानंतर कोणी हसलं नाही.

त्या दिवसापासून गावाची दोन गावं झाली. ज्यांनी खाल्लं ते आणि ज्यांनी परत केलं ते. युंगायने तर त्याच दुपारी आलं आणि डोंगरी मिरी घालून रस्सा केला. वास आपल्या घरापर्यंत. मी तिला नावं ठेवणार नाही. तिचा नवरा यंत्रावर श्वास घेतो. वादळात रस्ता तुटला, तारा तुटल्या की ती पोरांना बॅटऱ्या आणायला पिटाळते, रडत, शिव्या घालत. कंपनी म्हणते, वीज इथेच तयार होईल, तारा तुटल्या तरी गावात दिवे राहतील. तिच्या जागी मी असते तर पिशवीसकट खाल्लं असतं. वरून तिचा मुलगा ताओयुआनच्या कारखान्यातून परत येईल, त्याला विहिरीवर काम मिळेल. पण मासिंग आजोबांच्या घरचे आता तिच्याशी बोलत नाहीत. सख्खा चुलतसासरा तो तिचा. परवा आजोबांच्या शेतातली राळ्याची कणसं खुडायची होती, तर अर्धं गाव गेलंच नाही. राळं वाळून गळायला लागलं तेव्हा मी एकटी गेले विळा घेऊन. आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, 'तुझी पोर लहानपणी माझ्या अंगणात चिंबोऱ्या सोडायची.' बस, एवढंच.

आणि सगळे हसतात ते तुला, हे तुला कोणी सांगितलं नसेल. ज्येन साहेबाने पाणपोईपाशी सांगून टाकलं, डुकराची कल्पना रिमुयची. आम्ही तर केक वाटणार होतो, असं म्हणाला. झालं! 'शहरात शिकली आणि डुक्कर विसरली.' 'दगडांची भाषा येते, माणसांची नाही.' युंगायसुद्धा, तुझ्यावर जीव टाकणारी युंगाय, ती म्हणते, 'यायुत, पोरीला बारा बुकं शिकवलीस, पण डुक्कर कधी कापायचं हे शिकवायचं राहिलं गं.' मी तेव्हा दात काढून हसले. आपलीच लेक, आपणच हसून घेतलेलं बरं, नाहीतर लोक जास्त हसतात. घरी आले आणि फ्रीजर उघडून त्या हसऱ्या ढगाकडे बघत उभी राहिले. मला वाटलं होतं मला तुझी लाज वाटेल. पण लाज नाही वाटली, भीतीच वाटली, आणि का ते मला त्या दिवशी कळलं नाही.

एक खरं सांगू? सुरुवातीला मी तुमच्याच बाजूची होते. तू पहिल्यांदा शाळेच्या मैदानात उभी राहून सगळ्यांना समजावून सांगितलंस, ते कपडे सुद्धा मला आठवतात, निळा शर्ट आणि चिखलाचे बूट. जमिनीखालची ऊब वर आणायची, पाणी पुन्हा खाली सोडायचं, धूर नाही, कोळसा नाही. म्हातारे विचारत होते, आमची कुंडं आटतील का, जमीन हलेल का. तू म्हणालीस, हलली तर यंत्राला आधी कळेल आणि यंत्राला कळलं की तुम्हाला मी सांगेन. लोकांनी तुमच्या कागदांवर विश्वास नाही ठेवला, रिमुय. त्या 'मी सांगेन'वर ठेवला. बाहेरून आलेले साहेब काय, आज आहेत उद्या नाहीत. पण आपली रिमुय आहे ना तिथे, असं जो तो म्हणायचा. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! मी अंड्यांवर एक अंडं फुकट द्यायला लागले होते.

आणि म्हणूनच आता भीती वाटते. कारण आपल्यात एखाद्याने नियम मोडला तर शिक्षा त्याच्या एकट्यावर येत नाही, घरावर येते, गोतावर येते. चर्चमध्ये कितीही बसलो तरी ही गोष्ट कोणाच्या मनातून जात नाही. उन्हाळ्यात तुम्ही चाचणीची विहीर उघडलीत, डोंगर भुंकल्यासारखा आवाज झाला, वाफ ढगाला जाऊन टेकली. तेव्हापासून गावात जे होईल ते तुझ्या नावावर. कोबीला कीड लागली, रिमुयची विहीर. वातानची मोटरसायकल घसरली, रिमुयची विहीर. युंगायच्या नातीला, पिसुयला, ताप आला तेव्हा युंगायने काही म्हटलं नाही, पण माझ्याकडे बघितलं. एक क्षणभरच. मी उभ्या उभ्या घामाने भिजले. विहिरी झाल्या तर पुढे तीस वर्षं कोणाचंही काही दुखलंखुपलं की बोट माझ्या पोरीकडे जाणार. मी मेल्यावर तुझ्या बाजूने भांडायला तरी कोण आहे?

मासिंग आजोबांच्या कुत्र्यांचं तुला माहीत आहे. पण मला पुन्हा लिहू दे, कारण माझ्या डोक्यात ते तेव्हापासून फिरतंय. विहीर उघडली त्याच सकाळी त्यांचे दोन्ही शिकारी कुत्रे खालच्या घळीत मेलेले सापडले. तोंडाला फेस नाही, जखम नाही, झोपल्यासारखे. त्या दिवशी वारा नव्हता, घळीत धुकं साचलं होतं. कंपनीने सांगितलं, कोबीच्या शेतातलं गोगलगाईंचं औषध खाल्लं असेल. लोकांनी मानलं. मीही मानलं, माझ्या शेतात तर मी ते औषध टाकतच नाही, तरी मानलं. नंतर तू दोन दिवसांसाठी आलीस. मी तुझ्या आवडीचा बांबूतला भात केला होता, तू चिवडत बसलीस. मग म्हणालीस, जरा फिरून येते. मी पडवीतून बघत होते. तू आजोबांच्या परसात, जिथे ते कुत्रे पुरले तिथे जाऊन उभी राहिलीस. किती वेळ! मला वाटलं, पोरगी मायाळू आहे, कुत्र्यांसाठी हळवी झाली. आई अशीच आंधळी असते.

आणि तो फोन. परत गेल्यावर तू स्वतःहून फोन केलास, हेच मला नवल वाटलं होतं. विचारलंस, 'आई, नदीपात्रात वास येतो का गं?' मी म्हटलं, सडक्या अंड्यांचा वास माझ्या जन्माच्या आधीपासून येतोय, आज काय विशेष? तू म्हणालीस, 'येतो ना? येऊ दे. वास येतोय तोवर बरं. कधी एकदम यायचा थांबला तर अंडी बिंडी टाकून वर पळ, वळून बघू नकोस.' मी हसले, तुला म्हटलं, कामाने तुझं डोकं फिरलंय. मग तू म्हणालीस, 'आणि पोरांना घळीत पाठवू नका, दगड निसरडे झालेत.' दगड निसरडे! रिमुय, त्या घळीत तू चड्डीवर घसरत मोठी झालीस. आपल्या गावात निसरड्या दगडाला घाबरणारं पोर अजून जन्माला यायचंय. पण मी युंगायला सांगितलं, पिसुयला चिंबोऱ्या पकडायला सोडू नकोस. ती म्हणाली, का? मी म्हटलं, रिमुयने सांगितलंय, दगड निसरडे आहेत. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. पिसुय अजून जातेच.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. मला थंडी वाजून सर्दी झाली होती. तरी टपरी उघडली, कारण शाळेची सहल येणार होती. सकाळी धुकं होतं, वारा नव्हता. कुंडं उकळत होती, पोरं किलबिल करत होती, आणि मी अंडी जाळीत भरता भरता एकदम थांबले. वास येत नव्हता. मी जोरात श्वास ओढला. काही नाही. कुंडावर वाकले. काही नाही! मी किंचाळले, 'वर पळा! सगळे वर पळा!' अंडी टाकली, एका बाईच्या हातातलं पोर ओढलं आणि पायऱ्या चढत सुटले, या गुडघ्याने. माझं बघून मास्तर पळाले, मास्तरांचं बघून पोरं पळाली, वरच्या वाहनतळावर सगळी धापा टाकत उभी. मग मास्तर हळूच म्हणाले, 'आजीबाई, वास तर येतोय की.' आणि त्यांनी मला रुमाल दिला. माझं नाक चोंदलं होतं. नाक चोंदलं होतं, बाई! लोक पोट धरधरून हसले. गावात अजून हसतायत. युंगाय नाकात बोटं घालून 'वर पळा' म्हणून ओरडते आणि तिचा नवरा यंत्रातून हसतो.

मीही हसले असते. पण मी तिथे वरच्या कठड्याला धरून उभी राहिले. मी विचार करत होते, वास थांबला तर पळ, हे माझ्या पोरीला कोणी शिकवलं? मग ते कुत्रे आठवले: विहिरीतला वायू घळीत इतका साचला असणार की नाकच मेलं, वास कळेनासा झाला आणि झोपल्यासारखे गेले. आणि तिने ते मलाच का सांगितलं, मैदानात उभी राहून सगळ्या गावाला का नाही सांगितलं? माझ्या गालावरून पाणी वाहायला लागलं. सगळ्यांना वाटलं सर्दी.

तेव्हापासून मी घळीच्या तोंडाशी जाऊन बसते. टपरी बंद ठेवलीय. पोरं आली की हाकलते, दगड मारते, नाव विचारते, त्यांच्या आयांकडे तक्रार करते. पिसुयला परवा चक्क कान धरून वर आणलं. युंगाय आता माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, यायुतला वेड लागलं, पोरीच्या काळजीने. लागू दे. धुकं खाली उतरलं की मी नाक वर करून वास घेते, आणि तो घाणेरडा, कुजका वास आला की माझ्या जिवात जीव येतो. कोणती बाई असं करते, सांग बरं? पण मी काय रोज तिथे बसून राहणार? मी जेवायला गेले की? मी आजारी पडले की? घळ काही माझ्या फ्रीजरसारखी दार लावून ठेवता येत नाही.

आणि हे सगळं होत असताना गाव हसतंय तुझ्या डुकराला. कालपर्यंत मीही त्यांच्यातलीच होते. काल पाऊस होता, मी घळीवर गेले नाही, घरात बसून विणकामाच्या दोऱ्याचा गुंता सोडवत होते, आणि तुझे बाबा आठवले. तू आठ-नऊ वर्षांची असशील. बाबांनी शेतातलं गवत पेटवलं, वारा फिरला आणि मासिंग आजोबांचं बांबूचं बेट जळून गेलं. कोणी बघितलं नव्हतं. तुझे बाबा दोन दिवस नुसते घरात बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या गावाला अंगणात बोलावलं, आणि तोंडाने सांगितलं, मी जाळलं. मगच डुक्कर कापलं. वाटे घरोघर कोणी नेले? तू. बांबूच्या कांबीत ओवलेले ते तुकडे सांभाळत, पावलं मोजत. आणि मासिंग आजोबांच्या दारात तू वाटा त्यांच्या हातात देऊन परत आलीच नाहीस. मी शोधायला आले तर तू तिथेच उंबऱ्याशी बसलेली, ते खातायत की नाही ते बघत. त्यांनी पहिला घास तोंडात घातला तेव्हा तू उठलीस. घरी येऊन मला म्हणालीस, आई, आता झालं ना?

रिमुय, ज्या पोरीने तो वाटा पोहोचवला ती डुक्कर कधी कापतात हे विसरेल, हे मला मरेपर्यंत पटणार नाही. तू काही विसरली नाहीस. तुला बोलायची बंदी असेल, तुझ्या सहीचे कागद असतील, नोकरी जाईल, आणखी काय काय असेल, मला कळत नाही. म्हणून तू जे तोंडाने सांगू शकली नाहीस त्याचं डुक्कर कापलंस, केकच्या ऐवजी, आणि तिथे शहरात बसून वाट बघत राहिलीस, कोणाला तरी समजेल म्हणून. लोकांना विसर पडला, मी आई असून हसले. पण मासिंग आजोबांनी ऐकलं, आणि आता मीही ऐकलंय. पोरी, डुक्कर कापून निम्मंच झालं. बाबांनी केलं तसं आधीचं निम्मं राहिलंय, आणि ते झाल्याशिवाय कोणाच्याही पोटात तो वाटा जिरणार नाही, ज्यांनी खाल्लाय त्यांच्याही नाही. हे पत्र एवढ्यासाठीच. रविवारी ये. कंपनीच्या गाडीने येऊ नकोस, भाजीच्या ट्रकने ये. त्याला मी सांगून ठेवलंय, तो थांबेल. मैदानात मी तुझ्या शेजारी उभी राहीन, तुझा हात धरून, आपण एकमेकींना सांभाळू. कुत्रे कशाने मेले ते सांग, घळीत काय साचतं ते सांग. कदाचित लोक दगड मारतील. कदाचित युंगाय म्हणेल, धोक्याची घंटा बसवा, घळीला कुंपण घाला, आणि मग खणा, माझ्या माणसाला वीज हवी. कदाचित तीच आधी दगड उचलेल. मला काहीच माहीत नाही, आणि हात वर करायचा की खाली ठेवायचा हेही आपण नंतर बघू. पण तू बोललीस की तो वाटा शिजवून सगळ्यांच्या देखत पहिला घास मी खाईन. आणि तू नाही आलीस तर मला एकटीला बोलावं लागेल, पिसुय उद्याही घळीत जाणार आहे म्हणून. तसं करायला लावू नकोस गं मला.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुझीच,
आई